आग रामेश्वरी, बंब शेजारी

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण सगळेच वापरतो. कचेरीच्या कारभाराला लावतो, राजकारणाला लावतो, घरातल्या भांडणालाही लावतो. पण खेड्यात किंवा लहान गावात राहणाऱ्या माणसाला ही म्हण बऱ्याचदा म्हण वाटतच नाही, बातमी वाटते. गोठा पेटतो इथे, आणि बंब असतो वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी. फोन जातो, ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो, रस्ता खोदलेला असतो, आणि बंब घंटा वाजवत येतो तेव्हा भिजवण्यासारखी फक्त राख उरलेली असते.

बंब हा शब्द मला फार आवडतो. पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपावरून, तो मराठीत आला असं मानतात. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला आपण पोटात विस्तव घालतो, आणि रस्त्यावरच्या लाल बंबाच्या पोटात पाणी भरतो. एकाच शब्दात आग आणि पाणी दोन्ही नांदतात. तिकडे दक्षिण अमेरिकेत चिले नावाचा देश आहे. तिथे आग विझवणाऱ्याला 'बोंबेरो' म्हणतात. शब्द आपल्या बंबाच्याच कुळातला. गंमत अशी की, चिलेमधले हे बोंबेरो पगारी नोकर नाहीत. १८५१ साली वाल्परायसो या बंदराच्या शहरात तिथलं पहिलं दल उभं राहिलं, तेव्हापासून आजपर्यंत तिथे आग विझवण्याचं काम स्वयंसेवक करतात. जर्मनीतही लहान गावांमध्ये हीच रीत आहे. तिथे अशा स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे.

आज मला बोलायचं आहे ते अशाच एका परंपरेबद्दल. अमेरिकेतल्या लहान गावांत 'व्हॉलंटिअर फायर कंपनी' असते. कंपनी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर नफा-तोटा येतो. इथे कंपनीचा अर्थ जुना आहे. कंपनी म्हणजे सोबत, मंडळी. आगीच्या वेळी धावून जाणारी गावातली मंडळी.

या गोष्टीची सुरुवात बहुतेक जण एका छापखानेवाल्यापासून सांगतात. बेंजामिन फ्रँकलिन हे नाव आपल्याला आकाशातल्या विजेमुळे आणि पतंगामुळे ठाऊक आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, फिलाडेल्फिया शहरात तो छापखाना आणि वर्तमानपत्र चालवत होता. लाकडी घरं, अरुंद गल्ल्या, चुलीवर आणि शेकोटीवर चालणारे संसार. १७३५ साली त्याने आपल्या पत्रात आगीबद्दल एक पत्र छापलं, एका वृद्ध नागरिकाच्या नावाने. त्यातली एक तक्रार वाचून मला आमच्या गल्लीची आठवण झाली. लोक उघड्या फावड्यावर निखारे घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, जिने चढतात, हे थांबवा, असं तो सांगत होता. आमच्याकडेही काडेपेटी वाचवण्यासाठी शेजारणीकडून पत्र्याच्या तुकड्यावर विस्तव आणायची रीत होती. अडीचशे वर्षांचं अंतर आणि सात समुद्रांचं अंतर, पण निखारा तोच आणि निष्काळजीपणाही तोच.

पत्र छापून फ्रँकलिन थांबला नाही. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्याने आणि त्याच्या मित्रांनी 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. लवकरच सभासदही तीस झाले. करारनामा लिहिला गेला. प्रत्येक सभासदाने ठरलेल्या संख्येइतक्या चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून बाहेर काढण्यासाठी मजबूत पिशव्या व टोपल्या घरात नेहमी तयार ठेवायच्या आणि आग लागली की त्या घेऊन यायचं. महिन्यातून एकदा संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, गप्पा मारायच्या आणि आगीबद्दल कुणाला काही सुचलं असेल तर ते सांगायचं. बैठकीला जो येणार नाही त्याने दंड भरायचा. फ्रँकलिनने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय की, गैरहजेरीच्या या किरकोळ दंडातूनच पुढे पंप, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले.

मला या सगळ्या हकिकतीत तो दंड फार महत्त्वाचा वाटतो. दंड आहे तो बैठक चुकवल्याचा, म्हणजे आग नसताना न आल्याचा. आग लागल्यावर धावून जाणं हा माणसाचा स्वभाव आहे. त्यासाठी करारनामा लागत नाही. करार लागतो तो आग नसलेल्या दिवसांसाठी. बादली फुटली आहे का, दोर कुजला आहे का, विहिरीला पाणी किती आहे, हे विचारायला कुणीतरी महिन्यातून एकदा जमावं लागतं.

चामड्याच्या बादलीवरून आणखी एक आठवण होते. आपल्याकडच्या जुन्या गावांत पखाली असत. म्हशीच्या पाठीवर चामड्याची पखाल, नाहीतर स्वतःच्या पाठीवर मशक घेऊन घरोघर पाणी घालणारे हे लोक. भिस्ती म्हणूनही ते ओळखले जात, आणि त्यातले बरेचसे मुसलमान होते. रस्त्यावर पाणी शिंपडायचं तर पखाली, लग्नाच्या मांडवात पाणी भरायचं तर पखाली, आणि कुठे आग लागली तरी हाक पखाल्यालाच. नळ आले आणि पखाली गेले. आता मराठीत पखाल उरली आहे ती 'दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला' एवढ्या म्हणीपुरती. हे लोक हातावर पोट असलेले कष्टकरी. त्यांचं पाणी गावाला चाले, पण गावाच्या बैठकीत त्यांना जागा नसे.

हे जागेचं दुखणं तिकडेही होतं, आणि ते न सांगता या परंपरेचं कौतुक करणं बरोबर होणार नाही. फ्रँकलिनच्या कंपनीत जागा मिळाली नाही त्यांनी दुसरी कंपनी काढली, मग तिसरी, चौथी. पण या सगळ्या कंपन्या मालमत्ता असलेल्या पुरुषांच्या. १८१८ साली फिलाडेल्फियातल्या काळ्या माणसांनी ठरवलं की, आपणही शहरासाठी अशी एक कंपनी काढू. 'आफ्रिकन फायर असोसिएशन' असं नाव दिलं. गोऱ्या कंपन्यांनी त्याविरुद्ध ओरड केली, दबाव आणला, आणि सुरू होण्याआधीच तो प्रयत्न मागे घ्यावा लागला. आग विझवायला माणसं हवी होती, पण ही माणसं नको होती. पाणी ओतायचा अधिकारसुद्धा रंग पाहून दिला गेला.

पुढच्या काळात मोठ्या शहरांतल्या स्वयंसेवक कंपन्यांची तऱ्हा आणखी बिघडली. आगीपाशी आधी कोण पोचतो यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या. एकेक कंपनी एकेका वस्तीची, एकेका पक्षाची टोळी झाली. घर जळतंय आणि विझवणारे एकमेकांची डोकी फोडताहेत, अशी वेळ आली. लोक कंटाळले. १८५३ साली सिनसिनाटी शहराने वाफेचा पंप घेऊन पगारी दल उभं केलं. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये आणि खुद्द फ्रँकलिनच्या फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये तोच मार्ग धरला. शहरांतून स्वयंसेवक गेले.

लहान गावांत मात्र ते राहिले. कारण सरळ होतं. हजार-दोन हजार वस्तीच्या गावाला चोवीस तास पगारी माणसं ठेवणं परवडत नाही. तिथे शेजारी हाच बंब.

आता या गावातल्या कंपनीचा दिनक्रम पाहा. कंपनीची इमारत म्हणजे एक मोठी गॅरेजसारखी शेड. तिच्यावर भोंगा. आता सभासदांच्या कमरेला पेजर असतो, मोबाइलवर संदेश येतो, तरी अनेक गावांनी भोंगा काढलेला नाही. भोंगा वाजला की, गॅरेजमधला मेकॅनिक गाडीखालून बाहेर येतो, शेतकरी ट्रॅक्टर उभा करतो, दुकानदार गल्ला कुणाच्या तरी हवाली करतो. रात्री दोन वाजता बायको किंवा नवरा अंथरुणातून उठून बूट शोधतो. पूर्वी बायकांना या कामात फक्त मदतनीस मंडळाची जागा होती, चहा-कॉफी आणि जेवण पुरवायची. आता त्या हेल्मेट घालून शिडीवर चढतात.

गावाबाहेर नळाची मोठी वाहिनी नसते. मग पाणी कुठून आणायचं? त्यांची युक्ती साधी आहे. आगीपाशी कॅनव्हासचा घडीचा हौद उघडायचा. टँकर येतो, हौदात पाणी ओततो आणि परत भरायला जातो. तो जातो न जातो तोच दुसरा येतो. जवळच्या तळ्यावर किंवा ओढ्यावर आणखी एक पंप टँकर भरून देत उभा असतो. बंब या हौदातून पाणी उचलत राहतो. म्हणजे जुन्या काळची बादल्यांची रांगच ती, बादलीच्या जागी टँकर आलेत एवढंच. एका गावाचे टँकर पुरत नाहीत म्हणून शेजारच्या चार गावांशी आधीच ठरलेलं असतं. तुमच्याकडे आग लागली तर आम्ही येऊ, आणि तुमचा बंब बाहेर गेला तर तुमच्या गावाकडे आमचं लक्ष राहील.

पैसे कुठून येतात? थोडं सरकारकडून, आणि बरंच जेवणावळीतून. रविवारी सकाळी कंपनीच्या शेडमध्ये बंब बाहेर काढून टेबलं मांडतात आणि गावाला धिरड्यासारख्या पॅनकेकची न्याहारी देतात. तिकीट असतं. कधी कोंबडीचा बेत, कधी लॉटरी, कधी हाउजी, उन्हाळ्यात जत्रा. कंपनीचा हॉल लग्नाला मिळतो, बारशाला मिळतो, अंत्यसंस्कारानंतर माणसं तिथेच जेवायला बसतात. निवडणुकीत मतदानही अनेक ठिकाणी तिथेच होतं. पुरात अडकलेली माणसं तिथेच झोपतात. आपल्याकडे गावाला चावडी असते, देऊळ असतं, मशीद असते, तालीम असते. या सगळ्यांची थोडीथोडी कामं तिथे ही एक शेड करते. म्हणून कंपनी बंद पडली की, गावाचा बंब तर जातोच, गावाची बैठकही जाते.

अशाच एका गावाचं नाव साऱ्या जगाला कळलं. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैऋत्य भागातलं शँक्सविल. २००० सालच्या शिरगणतीत या गावाची लोकसंख्या २४५ होती. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. त्यांची एक स्वयंसेवक फायर कंपनी होती. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी दहा वाजून तीन मिनिटांनी युनायटेड एअरलाइन्सचं 'फ्लाइट ९३' हे विमान गावाजवळच्या, जुन्या कोळसाखाणीच्या मोकळ्या माळावर कोसळलं. वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास. ते वॉशिंग्टनपासून सुमारे वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. आत प्रवासी आणि कर्मचारी मिळून चाळीस जण होते, आणि चार अपहरणकर्ते. प्रवाशांनी अपहरणकर्त्यांवर चाल केली म्हणून ते विमान राजधानीपर्यंत पोचलं नाही.

तिथे आधी पोचले ते शँक्सविलचे स्वयंसेवक. ते नेहमीच्या तयारीने निघाले होते. जखमींना बाहेर काढायचं, आग विझवायची. पोचल्यावर दिसला तो एक खड्डा, विखुरलेले तुकडे आणि पेटलेली झाडं. वाचवण्यासारखं कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी झाडांची आग विझवली. जागा राखली.

त्या दिवसाबद्दल बोलताना माझ्या नावाच्या माणसाला शब्द तोलून वापरावे लागतात. ज्यांनी ते केलं त्यांनी माझ्या धर्माचं नाव घेतलं, आणि त्या नावाची किंमत पुढे जगभरच्या कितीतरी साध्या माणसांनी मोजली. मला त्या सकाळी टीव्हीवर दिसलेल्या मनोऱ्यांइतकीच आता ही वाडीतली माणसं दिसतात. त्यांचा या राजकारणाशी काही संबंध नव्हता. त्यांनी भोंगा ऐकला आणि ते गेले, एवढंच.

त्यानंतर त्या गावाने जे केलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जगभरातून लोक तो माळ पाहायला येऊ लागले. तिथे ना पाटी होती, ना स्मारक. २००२ च्या सुरुवातीपासून आसपासची माणसं आळीपाळीने थंडीवाऱ्यात तिथे उभी राहू लागली. येणाऱ्यांना ते चाळीस जण कोण होते हे सांगू लागली. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशामक जवानांनी पडलेल्या मनोऱ्यांच्या पोलादाचा एक क्रूस शँक्सविलच्या कंपनीला भेट दिला. तो त्यांच्या शेडबाहेर उभा आहे. पगारी दलाने स्वयंसेवकांना केलेला हा मुजरा होता. पुढे २०११ मध्ये चाळीस नावांची संगमरवरी भिंत उभी राहिली. २०१८ मध्ये ९३ फूट उंचीचा मनोरा झाला. त्यात चाळीस घंटानळ्या आहेत, आणि वारा आला की त्या वाजतात.

ही परंपरा आता अडचणीत आहे. अमेरिकेत १९८४ साली असे स्वयंसेवक सुमारे ८ लाख ९८ हजार होते. २०२० मध्ये ते सुमारे ६ लाख ७७ हजारांवर आले, आणि याच काळात देशाची लोकसंख्या वाढत गेली. तरीही तिथल्या आग विझवणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश अजून स्वयंसेवकच आहेत. कारणं आपल्या ओळखीची आहेत. गावात रोजगार नाही, तरुण शहरात गेले. जे गावात राहतात ते कामाला दूर जातात, त्यामुळे दुपारी आग लागली तर धावायला म्हातारेच उरतात. प्रशिक्षणाचे तास वाढलेत. अंगावरचा आगरोधक पोशाख महाग झालाय.

आणि आगसुद्धा बदलली आहे. पूर्वी घरातलं सामान लाकडाचं, कापसाचं असे. आता फोम, प्लॅस्टिक, कृत्रिम धागे. अमेरिकेत याचे प्रयोग झालेत. जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली पूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला, तर नव्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत भडकली. आपल्या खेड्यातल्या पक्क्या घरांतही आता तेच सोफे आणि तेच पडदे आहेत. पाच मिनिटांत तालुक्याचा बंब येणार नाही. येईल तो शेजारीच.

आता आपल्या घराकडे वळू. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ही शहराची गोष्ट झाली. गावाचं काय? आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची अठरा कामं सांगितली आहेत. त्यात अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी एकोणतीस विषय आहेत. त्यात जळण आहे, चारा आहे, पण आग विझवणं नाही. ज्या गावात जळण आणि चारा एकाच अंगणात रचलेला असतो, त्या गावाच्या यादीत आग नाही. मग उन्हाळ्यात कडब्याची गंज पेटते, तारा घासून ठिणगी पडते आणि उभा ऊस जातो, सिलिंडरचा भडका उडतो, तेव्हा गाव आपापल्या परीने धावतं.

असं धावणं मी लहानपणी पाहिलंय. आमचं गाव बाजाराचं, पण तालुक्याचं नव्हे. एका वैशाखात भर दुपारी मोहल्ल्याच्या मागच्या कडब्याच्या गंजी पेटल्या. वारा घरांकडे होता. मशिदीच्या भोंग्यावरून हाक दिली गेली, तिकडे मारुतीच्या देवळातली घंटा कुणीतरी बडवायला लागलं. सगळं गाव आलं. हातात बादल्या, घागरी, डबे. मशिदीच्या वजूच्या हौदातून पाणी उपसायला सुरुवात झाली. पण जो तो आपली बादली भरून पळायचा, वाटेत दुसऱ्यावर आदळायचा, अर्धं पाणी रस्त्यावर सांडायचं आणि उरलेलं लांबूनच फेकायचा. गावात मिलिटरीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. हिंदू-मुसलमान सगळे त्यांना हवालदारचाचाच म्हणत. ते ओरडले, "अरे पळू नका, उभे राहा!" पळू नका म्हटल्यावर लोकांना राग आला. पण त्यांनी खांद्याला धरून माणसं उभी केली, हौदापासून गंजीपर्यंत दोन रांगा. एका रांगेतून भरलेली बादली पुढे, दुसरीतून रिकामी मागे. दुसऱ्या रांगेत बायका आणि आम्ही पोरं. कुणी जागचं हललं नाही आणि पाणी मात्र पळू लागलं. गंजी गेल्या, घरं वाचली. तालुक्याचा बंब आला तेव्हा लोक हौदाच्या काठावर बसून चहा पीत होते.

पण पुढचं सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले. कुणी बैठक घेतली नाही, बादल्या मोजल्या नाहीत, कुणाचं नाव कुठे लिहिलं नाही. हवालदारचाचा काही वर्षांनी वारले आणि दोन रांगांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. पुढच्या आगीला लोक पुन्हा पळतच होते. आमच्या गावाकडे हिंमत होती, माया होती, पाणीही होतं. नव्हती ती महिन्याची बैठक.

आणखी एक गोष्ट मनात सलते. आपण दंगली पाहिलेल्या पिढीतली माणसं आहोत. आग विझवायला धावणारी गर्दी आपण पाहिली, तशी आग लावायला धावणारी गर्दीही पाहिली. दुःखाची गोष्ट ही की, कधीकधी दोन्हींत माणसं तीच असतात. अशा दिवसांत घर पेटलं की लोक आधी दारावरची पाटी वाचतात आणि मग बादली उचलायची की नाही ते ठरवतात. आग जातधर्म बघत नाही, असं आपण भाषणात म्हणतो. आग बघत नाही हे खरंच आहे, पण विझवणारा बघतो. फिलाडेल्फियाच्या १८१८ च्या गोष्टीने हेच शिकवलं. म्हणून मला वाटतं की, पाणी कुणाच्या घरावर ओतायचं हे आग लागण्याआधी, शांत डोक्याने, सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. गर्दीला नाव नसतं. दलाला नावांची यादी असते. यादीत ज्याचं नाव आपल्या नावाच्या खाली लिहिलंय, त्याच्या घराला काडी लावणं अवघड जातं.

आपल्याकडे यासाठी काही नाही असंही नाही. होमगार्डची सुरुवातच १९४६ मध्ये मुंबईत झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ पासून सुरू झाली. आधी तीस पूरप्रवण जिल्हे, मग ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा स्वीकारली आहे. ठरलेल्या क्रमांकावर गावातल्या कुणी फोन करून संकट सांगितलं की, त्याचा आवाज नोंदवलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी पोचतो. हा आपला नवा भोंगा. पण भोंगा ऐकून आलेल्या माणसाने कुठे उभं राहायचं, हे कुणीतरी आधी शिकवलेलं हवं.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. शेतीच्या फवारणीचे ट्रॅक्टरवरचे पंप आपल्या गावांत आहेत, पाण्याचे टँकर आहेत, विहिरींवर मोटारी आहेत, शेततळी आहेत. कुणाची मोटार चालू आहे, कुणाचा टँकर भरून ठेवता येईल, बोळात कुठपर्यंत वाहन जातं, विजेचा प्रवाह बंद करायला कुणाला फोन करायचा, दम्याचा पेशंट आणि अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस कोणत्या घरात आहे, एवढी माहिती एका वहीत हवी. गणेशोत्सवाच्या मंडळाकडे तरुण आहेत, मोहरमच्या पंजांमागे चालणाऱ्यांत तरुण आहेत, तालमीत तरुण आहेत. या सगळ्यांनी महिन्यातून एका संध्याकाळी बसावं. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा दोन रांगांचा सराव करावा. आणि जो येणार नाही त्याने दहा रुपये दंड भरावा. दंडाची पेटी भरली तर बादल्या येतील, आणि नाही भरली तर सगळे हजर होते असा अर्थ होईल. दोन्हींत गावाचा फायदाच आहे.

वहीतलं पहिलं नाव कुणाचं लिहायचं यावर मात्र वाद घालू नका. गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात करा आणि दुसऱ्या टोकापर्यंत जा. एकही घर वगळू नका.